भोंगेवाल्याचं टेबल

माझी छत्री त्याच्या भोंग्यात अडकली, तिथून सगळं सुरू झालं. लोक अशा गोष्टींना योग म्हणतात, नशीब म्हणतात. आमच्या घरात आता यातलं काही मानत नाहीत, म्हणून मी आपली छत्रीच म्हणते.

त्रेसष्ट सालचा चैत्र संपत आला होता. शाळेचा निकाल लावून मी अमरावतीच्या इतवाऱ्यातून घराकडे निघाले होते. ऊन असं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. रसवंतीपाशी गर्दी होती, आणि त्या गर्दीतून एक माणूस सायकल हाताने ढकलत चालला होता. मागे कॅरियरला दोरीने बांधलेला भला मोठा पत्र्याचा भोंगा, तोंड आभाळाकडे. मी बाजूला व्हायला गेले आणि माझ्या छत्रीची काडी नेमकी त्या दोरीत गुंतली. मी ओढतेय, ती सुटत नाही. सायकल पुढे आणि मी तिच्यामागे... लोक हसायला लागले.

"बाई," तो मागे न बघताच म्हणाला, "छत्री सोडवा. नाही तर बडनेऱ्यापर्यंत यावं लागेल माह्यासंगं."

"तुमी थांबले तर सोडवीन ना मी!"

तो थांबला. सायकल स्टँडवर लावून त्याने गाठ बघितली. सावळा, उंच, खांदे जरा पुढे झुकलेले. शर्टाच्या खिशात ग्रामोफोनच्या सुयांची डबी, तो वाकला की खुळखुळायची. त्याने दोन बोटांनी काडी धरली, कापड ताणून बघितलं आणि विचारलं, "नवी दिसते?"

"पहिल्या पगाराची हाय," मी म्हटलं. उगाच म्हटलं. रस्त्यावरच्या माणसाला पगार सांगायची काय गरज होती?

"मंग ओढून चालणार नाही." त्याने खिशातून ब्लेड काढलं आणि स्वतःची दोरी कापली. छत्री सुटली आणि त्याचा भोंगा घरंगळला. तो त्याने काखेत मारला, दुसऱ्या हाताने सायकल धरली, आणि आता एवढं सगळं घेऊन चालायचं कसं, याचा विचार करत उभा राहिला. मला हसू आलं. हसता हसता लक्षात आलं की मी चार दिवसांपासून ज्याला शोधतेय तो हाच, म्हणजे याच धंद्यातला माणूस आहे.

माझ्या मोठ्या बहिणीचं, इंदूचं लग्न ठरलं होतं. मुलगा अकोल्याचा, पोस्टात कारकून. छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झाल्यावर आमच्या घरातलं हे पहिलं लग्न. ब्राह्मण नाही, मुहूर्त नाही, मंगलाष्टकं नाहीत. पांढरी साडी, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील आणि हार. इंदूला हे सगळं मान्य होतं, तिचा हट्ट एकच होता, की लग्नात गाणी वाजली पाहिजेत. तिच्या सगळ्या मैत्रिणींच्या मांडवात भोंगा वाजला होता, तर हिचंच लग्न मुकं कशाला?

अडचण बाबांची होती. आमचे बाबा, बुधाजी, आता कापसाच्या जिनात फिटर होते, पण तिवशाजवळच्या आमच्या गावात ते डफडं वाजवत. गावातलं कुठलंही लग्न त्यांच्या डफड्याशिवाय उभं राहत नसे, आणि त्यांना नाही म्हणायची सोय नसे. नागपूरहून आले त्या दिवशी त्यांनी ते काम सोडलं. त्यानंतर आमच्या घरात ताटावर चमचासुद्धा कोणी वाजवत नसे. इंदूने रडून, मायनं मध्ये पडून त्यांच्याकडून कसाबसा होकार मिळवला, तोही अटीवर. भोंगा लावा, पण देवाची एक जरी रेकॉर्ड वाजली तर ते मांडवातून उठून जाणार. आणि बाबा बोलतात ते करतात. योग्य माणूस शोधायचं काम माझ्यावर आलं, कारण मी मास्तरीण, चार लोकांशी बोलायची सवय असलेली.

आता गंमत बघा. अमरावतीतले सगळे भोंगेवाले पहिली रेकॉर्ड देवाचीच लावत. तो त्यांच्या धंद्याचा शकुन. एक म्हणाला, हळू आवाजात लावतो, कोणाला कळणार नाही. एक नुसताच हसला. इतवाऱ्यातले गयासुद्दीनचाचा तर स्वतः नमाजी माणूस, पण त्यांनीही मला समजावलं की बेटी, माझ्या उस्तादाने गणपती लावला, मीही तोच लावतो, नाही तर मशीन रुसतं. मशीन रुसलं तर चालेल, बाबा रुसले तर बहिणीचं लग्न मोडेल, हे मी त्यांना कसं सांगणार?

म्हणून रस्त्यात, उन्हात, त्या काखेत भोंगा मारलेल्या माणसाला मी विचारलं, "लग्नात पहिली रेकॉर्ड कोणती लावता तुमी?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "कोणाचं लग्न हाय?"

"माह्या बहिणीचं."

"मंग तिले इचारून सांगतो."

एवढं साधं उत्तर चार दिवसांत कोणीच दिलं नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवलं. त्याचं नाव देवमन. अकोल्याच्या जुन्या शहरातला, लग्नसराईत गयासुद्दीनचाचांच्या दुकानामागच्या खोलीत राहायचा. धंदा त्यांच्याकडूनच शिकलेला, मशीन मात्र स्वतःचं. त्याची अट एकच होती. मशीनचं टेबल मांडवाच्या आत राहील आणि जेवण सगळ्यांबरोबर पंगतीत. मी म्हटलं, एवढंच ना? तो म्हणाला, "एवढंच. पण लोकाइले लय जड जाते." मी हो म्हटलं. आमच्या घरात ती अट जड जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी तो फ्रेजरपुऱ्यात आमच्या घरी आला. ही त्याची कामाची रीत होती. आधी घरी यायचं, अंगणात बसायचं, ज्याला-त्याला विचारायचं, काय लावू आणि काय लावू नको. इंदूने लाजत लाजत झोपाळ्याचं एक गाणं सांगितलं, पहिलं तेच पाहिजे म्हणाली. मायनं जात्यावरची ओवी मागितली. तशी रेकॉर्ड नाही म्हटल्यावर तो मायला म्हणाला, माइक देतो, तुमीच म्हणा. माय पदर तोंडाला लावून जी आत पळाली ती चहा घेऊनच बाहेर आली. मी खांबाला टेकून उभी होते. मला त्याने विचारलंच नाही. मी मनात म्हटलं, नाही तर नाही!

मग तो बाबांकडे वळला. बाबा दारातल्या बाजेवर बसून पेपर वाचत होते.

"काकाजी, तुमच्यासाठी काय आणू?"

"माह्यासाठी काही आणू नको." बाबांनी पेपर खाली घेतला नाही. थोड्या वेळाने विचारलं, "बाप काय करे तुहा?"

"मिलमध्ये होता. आजा डफडं वाजवे."

बाबा उठून आत गेले. देवमन कपातला उरलेला चहा बघत बसला. जाताना फाटकापाशी तो माझ्यासाठी थांबला आणि म्हणाला, तुमाले मुद्दाम इचारलं नाही. सगळ्याइसमोर इचारलं असतं तर तुमी खरं सांगितलं नसतं... दुकानात या, ऐकून निवडा. आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. मी फाटक धरून उभी.

"जये, फाटक निघून येईन हातात," इंदू मागून म्हणाली. "भोंगेवाला बरा हाय का गाणं बरं हाय?"

मी तिला गप्प करणार तोच बाबांचा आवाज आला. ते दारातच होते. रागावलेले नव्हते, तेच वाईट. रागावले असते तर मी भांडले असते.

"शिकलेला, हापिसातला पोरगा पाहीन मी इच्यासाठी," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या मांडवात वाजवणारा माणूस या घरात जावई होऊन येणार नाही. मी ते सोडून आलो. माही पोरगी त्याच्यात परत जाणार नाही."

मला काय हवंय ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते मिळणार नाही हेही त्याच क्षणी कळलं. बाबांचं म्हणणं चूक असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्या पाठीवरची उन्हं मी लहानपणी बघितली होती. वऱ्हाडी जेवून उठेपर्यंत ते बाहेर उभे असत, आणि घरी येताना फडक्यात बांधून आणलेलं अन्न आम्ही आनंदाने खायचो. त्यांचं दुःख मला कळत होतं... आणि तरी दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले.

इंदूला लग्नाआधी उन्हात जायला मायनं बंदी केली होती, म्हणून निवड माझ्यावर. गयासुद्दीनचाचा गल्ल्यावर डोळे मिटून बसायचे. झोपलेले वाटत, पण रेकॉर्डला चरा आला की लगेच एक डोळा उघडत. ते मला सांगायचे की हा पोरगा सोन्यासारखा आहे, पण टेबलापायी गिऱ्हाइकं घालवतो. देवमन रेकॉर्ड काढायचा, तळव्यांनी कडा धरून उजेडाकडे तिरकी करून बघायचा, फुंकर मारायचा आणि सुई अशी अलगद ठेवायचा की आवाज कुठून सुरू झाला ते कळू नये. त्याच्या हातांकडे मी फार बघत असे. गाणं संपलं की तो विचारायचा, ठेवायचं? मी कधी हो म्हणायचे, कधी मुद्दाम नाही, म्हणजे तो दुसरं लावेल.

"अकोल्यात लय ऊन असते म्हणे," मी एकदा म्हटलं.

"लय. म्हणून तर छत्रीवालं माणूस पाहून राहिलो."

चाचांचा एक डोळा उघडला आणि मिटला. माझे कान तापले. मी घाईने दुसरी रेकॉर्ड उचलली, ती नेमकी त्याच्या हातात होती, आणि आम्ही दोघं एकाच रेकॉर्डच्या दोन कडा धरून जरा वेळ उभे राहिलो. मग त्याने सोडली.

टेबलाचं मी त्याला त्याच दिवशी विचारलं. मूर्तिजापूरकडच्या एका मोठ्या घरचं लग्न होतं, त्याने सांगितलं. मांडव असा की अर्धं गाव मावेल. ह्याला म्हणाले, तू गोठ्यापलीकडे बस, आवाज तर येतोच. ह्याने वाद घातला नाही. तार गुंडाळली, भोंगे उतरवले आणि पायी स्टेशनवर आला. चाचा त्यावरून अजून चिडवतात.

"राग आला होता?" मी विचारलं.

"राग नाही. आज्याची याद आली. त्याले उठून जाता येत नव्हतं, मले येते. मंग कावून बसू, कशाले बसू?"

मला भरून आलं. आणि भरून आलं की माझ्या तोंडून नको ते निघतं, हा माझा जुना दोष. मी एका दमात बोलून गेले, "पण बाबा म्हणतात, दुसऱ्याच्या मांडवात वाजवणारा जावई आमाले नको."

सुई रेकॉर्डच्या शेवटच्या रेघेत खर्र खर्र फिरत राहिली. देवमनने ती उचलली, बाजूला ठेवली, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मी तर काही मागितलंच नाही अजून."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. चाचा मागून काहीतरी म्हणाले, ते ऐकायलाही थांबले नाही. जयस्तंभ चौकापर्यंत मी स्वतःला शिव्या देत गेले. तिथून पुढे त्याचं वाक्य पुन्हा एकदा मनात आणलं, आणि मग 'अजून' या एकाच शब्दाशी घरी पोचेपर्यंत खेळत राहिले. त्यानंतर लग्नापर्यंत मी दुकानाकडे फिरकले नाही. उरलेली गाणी त्यानेच निवडली.

लग्न सकाळचं ठेवलं होतं, ऊन चढायच्या आत. देवमन उजाडताच आला. मांडवासमोरच्या कडुनिंबावर एक भोंगा आणि घराच्या कोपऱ्यावर एक असे बांधले, आणि मांडवात, तसबिरींच्या डाव्या बाजूला, आपलं टेबल लावलं. त्यावर पांढरी चादर अंथरली. मी हाराची परडी घेऊन त्याच्या शेजारून गेले तेव्हा तो म्हणाला, मास्तरीणबाई, रागावल्या का? मी म्हटलं, मी कशाले रागावू, मले कोणी काही मागितलंच नाही. तो इतका मोकळा हसला की माझा सगळा राग तिथेच संपला, आणि संपला म्हणून मला पुन्हा राग आला.

झोपाळ्याचं गाणं लागलं. इंदू आत बसून ऐकत होती, डोळे भरलेले आणि ओठ हसणारे. अकोल्याची मंडळी आली. बाबा दारात उभे राहून त्यांना मांडवात घेत होते, एकेकाला बसवत होते. मांडव आमचा लहान आणि माणसं पुष्कळ. बाबांनी इकडेतिकडे नजर टाकली, टेबल दिसलं, आणि ते अगदी सहज म्हणाले, "भोंगेवाल्याचं टेबल निंबाखाली घे रे बाहेर. इथं पाहुणे बसतीन."

त्यात अपमान नव्हता. मनात काही ठेवून बोलले नव्हते ते. आयुष्यभर जे बघितलं तेच तोंडातून निघालं. लग्नात वाजवणाऱ्याची जागा कुठे असते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

माझ्या हातातली परडी तशीच राहिली. मी देवमनकडे बघितलं. आता हा तार गुंडाळणार, मला वाटलं. भोंगे उतरवणार, सायकलला बांधणार आणि जाणार. आणि मी त्याला शब्द दिला होता, तेव्हा थांब म्हणायलाही मला तोंड नाही.

त्याने गाणं संपू दिलं. सुई उचलली. मग वाकून टेबल उचललं आणि निंबाकडे चालू लागला.

मी त्याला मांडवाच्या कडेला गाठलं. "तुमी जाऊन राहिले?"

"नाही. बसतो ना तिथं." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "बहिणीचं लग्न हाय तुमच्या. एक दिवस बसलो तर काय होते?"

मूर्तिजापूरच्या त्या मोठ्या घरातून जो उठून आला, तो माझ्या दारात बाहेर बसायला निघाला होता. माझ्यासाठी. मला ते सहन झालं नाही. तो निघून गेला असता तर मी रडले असते. हे त्याहून वाईट होतं.

मी बाबांपाशी गेले. अकोल्याची मंडळी बघत होती, नवरदेवाचे वडील शेजारीच उभे होते, मला काही दिसत नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "गावात तुमाले कुठं बसवत होते?"

"काय?"

"लग्नात वाजवाले जात होते तुमी. तवा तुमची जागा कुठं राहे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, तिथे देवमन निंबाखाली टेबल टेकवून त्याचे पाय जमिनीत नीट बसवत होता. बाबांच्या हातात पाहुण्यांना लावायची गुलाबाची फुलं होती, ती त्यांनी हळूच माझ्या परडीत ठेवली.

"निंबाखालीच," ते म्हणाले.

आणि ते चालत बाहेर गेले. निंबाखाली जाऊन त्यांनी टेबलाची एक बाजू धरली. देवमन आधी समजला नाही. मग त्याने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ते टेबल मांडवात आणलं, होतं तिथेच ठेवलं, आणि बाबांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. पहिल्या रांगेतले पाहुणे जरा सरकून बसले. बसायला जागा झाली सगळ्यांना.

लग्न लागलं. वंदनेच्या वेळी भोंगे शांत होते, नुसते माणसांचे आवाज. शेवटी मायनं सगळ्यांना चकित केलं. ती टेबलापाशी गेली आणि माइक मागून घेतला. तिची ओवी निंबावरच्या भोंग्यातून सगळ्या वस्तीत गेली. बाबा मान खाली घालून ऐकत होते, आणि उठून गेले नाहीत.

पंगत बसली. बाबांनी देवमनला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. मी बुंदीचं भांडं घेऊन वाढत होते. त्या रांगेत माझे पाय आपोआप हळू झाले, हे सांगायला नको.

"एक इचारू?" बाबा म्हणत होते. "लाज नाही वाटत तुले, दुसऱ्याच्या दारात वाजवायची?"

देवमनने घास खाली ठेवला. "नाही वाटत, काकाजी. मले लोक बोलावतात. जायचं का नाही ते मी ठरवतो. तुमाले कोणी इचारत नव्हतं. तुमाले नाही म्हणता येत नव्हतं... मले येते. काम तेच हाय, पण तेवढ्यानं ते दुसरं होते."

बाबांनी वरणभात कालवला, पुन्हा कालवला. "मंग आज 'नाही' कावून म्हणाला नाही? मी बाहेर काढलं तुले. तू चालला होता टेबल घेऊन."

"आज नाही म्हणता आलं नाही."

"कावून?"

देवमनने मान वर केली. मी समोरच उभी, हातात पळी, पळीत बुंदी.

"बोलावणारी तुमची धाकटी पोरगी होती," तो म्हणाला.

माझी पळी कोणाच्या पत्रावळीवर रिकामी झाली ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक नवरदेवाच्या काकांच्या. ते नको नको म्हणत होते असं पुसट आठवतं. मी वळले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन पाण्याच्या रांजणापाशी उभी राहिले. मला आनंद झाला होता आणि भीती वाटत होती, दोन्ही एकदम.

दुपार कलल्यावर इंदू गेली. ती माझ्या गळ्यात पडली, कानात काहीतरी वात्रट बोलली आणि रडत रडत गाडीत बसली. मंडळी पांगली. मांडवात पत्रावळींचा आणि मोगऱ्याचा वास भरून राहिला होता. बाबा बाजेवर येऊन बसले. मला हाक मारली. मी जाऊन उभी राहिले.

"तो पोरगा पाहिला मी," ते म्हणाले. चप्पल काढली, पाय वर घेतले. "हापिसातला नाही."

"नाही."

"उन्हातान्हात फिरणारा धंदा हाय."

"हाय."

"मले अजूनही ते बरं वाटत नाही, जये. खोटं कावून बोलू? भोंगा ऐकला का आपलं गाव आठवते." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "पण त्यानं सांगितलं ते खरं हाय. नाही म्हणता येणं, तेच सारं हाय. मले ते येत नव्हतं. तुले येते, मी शिकवलं तुले त्याच्यासाठीच. कोणाची सक्ती नाही तुह्यावर. ना त्याची, ना माही. तू नाही म्हणशीन का?"

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मला असं विचारलं होतं. आमच्या वस्तीत कोणत्या मुलीला तेव्हा कोण विचारत होतं? मला त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला, पण त्यांना ते आवडत नसे.

"बाबा, मले हो म्हणायचं हाय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि म्हणाले, "मंग जा, त्याले सांग. मी कावून सांगू?"

देवमन निंबावर होता. शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून भोंगा सोडवत होता, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारून. निंबाचा बारीक पांढरा मोहोर त्याच्या केसांत पडला होता. मी खाली जाऊन उभी राहिले.

"खाली या," मी म्हटलं.

"कसा येऊ? भोंगा हाय हातात. काय काम हाय?"

"काही नाही... बाबांनी सांगायले लावलं."

"काय?"

एवढ्या दिवसांत इतकं बोललो आम्ही, आणि आता शब्दच सापडत नव्हता. वरून तो वाट बघत होता. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला होता, सगळं अंग कान झालेलं.

"हो," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं."

"आलं तुमाले."

"नाही आलं. भोंग्याजवळ उभा हाय ना मी." त्याने भोंगा आणखी घट्ट धरला. "अजून एकदा म्हणा, जयवंता."

त्याने माझं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. मी वर बघून, सगळा जीव गोळा करून, जोरात म्हटलं, "हो!"

शेजारच्या तिन्ही अंगणांतल्या बायका भांडी घासायच्या थांबल्या आणि आमच्याकडे बघायला लागल्या. मी तिथून हलले नाही.